पान्हा आणि घड्याळ

पेडणे-डिचोलीकडे बाळंतिणीच्या खोलीत एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘बाळाक दूध पुरना.’ पुरावा काय, तर बाळ तासातासाला रडतं! मग दुधाचा डबा येतो. 1992 च्या कायद्याने या डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे. शेजारणीच्या सल्ल्याला मात्र कायदा लागत नाही.

आता जरा गोठ्याकडे नि परसाकडे पाहा. सशाची मादी पिलांना चोवीस तासांत जेमतेम एकदा, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते. तिचं दूध इतकं दाट की ती शिदोरी दिवसभर पुरते. डुकरिणीची तऱ्हा निराळी. साधारण तासाने ती घुरघुरत आडवी होते आणि दूध प्रत्यक्ष सुटतं ते वीसेक सेकंद. म्हणून प्रत्येक पिल्लू पहिल्या काही दिवसांतच आपलं आचळ ठरवून टाकतं. (कदंबच्या बसमध्ये एवढी शिस्त नाही.) माकडीण पिल्लू पोटाशी घेऊनच हिंडते; ते मनाला येईल तेव्हा लुचतं.

माणूस यांपैकी कोणाचा सोयरा? ते दूधच सांगतं. आईच्या दुधात प्रथिनं सुमारे एक टक्का, गाईच्या दुधात तीनहून जास्त. वासराचं वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट होतं, मुलाला पाचेक महिने लागतात. पातळ, गोड, झटकन पचणारं दूध म्हणजे पुन्हा पुन्हा पिणं आलंच. कालाहारीतल्या कुंग आया मूल अंगावर बांधून फिरत. मेल्विन कॉनर आणि कॅरल वर्थमन यांनी 1980 मध्ये लिहिलं, की ती मुलं तासाला चारेक वेळा, दोन-दोन मिनिटं पितात. आपल्याकडचं तान्हं दिवसरात्रीत आठ-बारा वेळा प्यालं तर त्यात नवल कसलं? दूध पुरतं का, हे रडण्यावरून नव्हे, दुपट्यांवरून ओळखावं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा तरी ओली होतात आणि वजन वाढत राहतं, तर पुरतं.

चिकाचंही तेच. वासराला गाईच्या पोटात असताना रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती चिकातूनच, तीही पहिल्या काही तासांतच घ्यावी लागतात. म्हणून जाणता माणूस खरवस करण्याआधी वासराला पोटभर पाजतो. तोच माणूस घरात सुनेचा चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकायला लावतो आणि बाळाला मध चाटवतो, हे मला कधी समजलेलं नाही.

मराठीने गाईला आणि आईला एकच शब्द दिला : पान्हा. वासरू ढुशी देतं, मूल ओढतं, तेव्हा मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध उतरतं. दोघींत यंत्रणा एकच. गाय बुजली, गोठ्यात अनोळखी माणूस शिरला की ती पान्हा चोरते. तेव्हा गवळी काही तिला ‘हिला दूधच ना’ म्हणत नाही. तो माणसांना बाहेर काढतो, वासरू सोडतो आणि थांबतो. बाळंतिणीच्या खाटेभोवती मात्र आपण सात जणी उभ्या असतो.