सांगायचं ते घराला सांग

अगं मने, जावईबापूंची साखर वाढली म्हणून दिवसभर त्यांना टोकत बसतेस, ते आधी थांबव. टोकलेला माणूस घरात मान डोलावतो आणि कोपऱ्यावर जाऊन वडापाव खातो. मानसशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून सांगते, माणसाच्या मागे लागण्यापेक्षा घराची मांडामांड बदल.

फरसाणाचा डबा टीपॉयवरून उचलून माळ्यावर टाक. फेकू नकोस, फेकलास की दुसरा येतो. स्टूल आणून चढायचं म्हटलं की निम्मी इच्छा तिथेच मरते. टीपॉयवर भाजलेले चणे ठेव. येता-जाता हात जाणारच आहे, तो तिकडे जाऊ दे.

आता चालण्याचं. ‘उद्यापासून चालतो’ या बोलण्याला काही अर्थ नाही. कशानंतर आणि कुठवर, ते नक्की हवं. ‘रात्री ताटं उचलली की चपला घालायच्या आणि मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं.’ पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अशा जर-तरच्या बेतांवर लेख लिहिला. आपल्याकडे शतपावली होतीच! ती जेवणाला बांधलेली, म्हणून वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. शिवाय जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर कमी चढते. पहिले काही दिवस खरंच शंभर पावलंच चालू देत. पहिल्याच दिवशी टेकडी चढणारे आठवड्याने सोफ्यावर सापडतात.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, त्यावर जाऊ नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला अंदाजाने २५४ लागले असते. मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून लग्नात जिलेबी खाल्ली तर दुसऱ्या दिवशी त्याचा पंचनामा नको. ‘आता मोडलंच, मग काय’ असं मनाने घेतलं की सगळंच सुटतं.

गोळ्यांचं मात्र डॉक्टर म्हणतील तसंच, तिथे आपली अक्कल नको.

राहिला चहा. त्यातली साखर किती कमी करायची, ते त्यांनाच विचार. माणूस स्वतः ठरवलेलं जास्त पाळतो. ते अर्धा चमचा म्हणाले तर अर्धाच. तू तिथे लगेच ‘एक करा ना’ म्हणू नकोस.