स्थगितीला होकार देण्याआधी

अमेरिकेतल्या फेडरल तुरुंगातल्या माणसाने शिक्षेविरुद्ध केलेला अर्ज ‘वरच्या कोर्टाचा निकाल येईपर्यंत’ थांबवला की घरच्यांना हायसं वाटतं. फेटाळला तर नाही ना! मी एका बचाव वकीलबाईंकडे सहायक म्हणून काम करते. फोनवरच्या अशा सुस्काऱ्यानंतर माझा प्रश्न ठरलेला असतो: सुटकेची तारीख कोणती?

२६ जून २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने जॉन्सन खटल्यात, सराईत गुन्हेगारांची सजा वाढवणाऱ्या कायद्यातली एक मोघम तरतूद रद्द केली. त्या कायद्याखाली बेकायदा बंदूक बाळगल्याबद्दल किमान १५ वर्षं बसत; तो लागू नसेल, तर तेव्हा कमाल १० वर्षं. आमच्या एका अशिलाची दहा वर्षं केव्हाच भरली होती. जॉन्सनचा निकाल जुन्या शिक्षांनाही लागू होतो का, हे वेल्च खटल्यात ठरायचं होतं, म्हणून सरकारी वकिलांनी स्थगिती मागितली. मागणी कागदावर रास्तच. पण अर्ज जिंकून जे मिळायचं, तेच याच्या हातून रोज निसटत होतं. बाईंनी भोगलेल्या दिवसांचा तक्ता जोडून विरोध केला. आदेश आला एका ओळीचा: स्थगिती मंजूर. तक्त्याचा उल्लेखही नाही. वेल्चचा निकाल १८ एप्रिल २०१६ रोजी कैद्यांच्या बाजूने लागला. तोवर हा आतच.

ज्याची अजून बारा वर्षं उरली आहेत, त्याला थोडं थांबणं परवडतं. ज्याची भरत आली आहेत, त्याच्यासाठी लेखी विरोध नोंदवाच आणि पर्याय म्हणून जामीनही मागा. तो क्वचितच मिळतो, तरी मागा.

ज्या खटल्यासाठी थांबायचं, त्यात आपलाच मुद्दा आहे ना आणि तो उलटला तर काय, हेही आधी विचारा. शिक्षेच्या मार्गदर्शिकेत तशीच मोघम तरतूद होती. तिलाही जॉन्सन लागू होतो असं काही अपील कोर्टं म्हणत होती, सरकारलाही ते मान्य होतं. मग बेकल्स खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि त्यासाठी ढीगभर अर्ज थांबले. ६ मार्च २०१७ रोजी निकाल कैद्यांच्या विरुद्ध गेला. त्याआधी सुनावणी होऊन सुटलेले नशीबवान. रांगेत थांबलेल्यांची वाट बंद. अशा वेळी ‘थांबू या’ म्हणणाऱ्या वकिलाला कारण विचारायला संकोच कसला?

याहून घातक गैरसमज मुदतीचा. थांबतो तो दाखल झालेला अर्ज. ज्याने अर्जच केला नाही, त्याचं अर्जाच्या मुदतीचं वर्ष चालूच राहतं. नवा हक्क मान्य झाला त्या दिवसापासून ते मोजायचं, तो जुन्या शिक्षांना लागू झाल्याच्या दिवसापासून नव्हे. डॉड खटल्यात २००५ सालीच हे ठरलं आहे. वेल्चनंतर वर्ष मिळेल असं धरून बसलेल्यांच्या हाती जेमतेम दोन महिने होते. म्हणून आधी दाखल करा, मग थांबायचं का ते ठरवा. सगळे मुद्देही तेव्हाच घाला: मुदतीनंतर वेगळ्याच घटनेवरचा मुद्दा जोडता येत नाही, आणि दुसऱ्या अर्जाला अपील कोर्टाची परवानगी लागते.

स्थगितीच्या काळात कैद्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली, तर नवा पत्ता कोर्टाच्या क्लार्कला लेखी कळवा. तुरुंग कळवेल या भरवशावर राहू नका.