सोने घेताना : कस, वजन आणि मालकी

लग्नसराई आली की आपल्या वस्तीतील घराघरांत सोन्याचा विषय निघतो. घर हिंदूचे असो वा मुसलमानाचे, मुलीच्या अंगावर चार दागिने घातल्यावाचून आईबापांस समाधान वाटत नाही. पुष्कळ कुटुंबांत राहत्या घराखालोखाल हीच सर्वांत मोठी खरेदी असते. असे असूनही मुलांना तिच्याविषयी कोणी काही शिकवीत नाही. आम्ही पेशाने शिक्षक. म्हणून ट्रस्टच्या ह्या स्मरणिकेत हा व्यवहाराचा पाठ वाचकांपुढे ठेवीत आहोत. पाठाचे तीन भाग आहेत : दागिन्यात सोने किती, पैसे कशाकशाचे पडतात, आणि घेतलेले सोने कोणाचे. तिसऱ्या भागाकडे घरोघर सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून तो आम्ही शेवटी पण विस्ताराने घेतला आहे.

प्रांत तशी रीत

महाराष्ट्रात गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा व धनत्रयोदशी हे सोने घेण्याचे दिवस. गुरुपुष्याचा योग साधून गुंजभर तरी सोने घेणारी घरेही आहेत. ठुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, पाटल्या, गोठ, तोडे हे तिकडचे दागिने. पुतळी हे नाव व्हेनिसच्या जुन्या सोन्याच्या नाण्यावरील मानवाकृतींवरून पडले. नाणे गळ्यात घालावे आणि अडचणीला मोडावे, हा बचतीचा विचार त्या माळेतच आहे. केरळात भरघोस वजनाच्या, बिनखड्यांच्या दागिन्यांना मान आहे. राजस्थानात कुंदन व जडावाच्या कामाची हौस आहे. बंगालात सवाष्णीच्या हातात शंखाच्या बांगडीबरोबर सोन्याने मढविलेले लोखंडी कडे असते.

आपण हैदराबादकर ह्या सर्व वाटांच्या चौकात राहतो. मराठी घरात दोन वाट्यांचे मंगळसूत्र, शेजारच्या तेलुगु घरात दोन पुस्ते, आणि आमच्या मुसलमान घरात काळ्या पोतीचा लच्छा. काळा मणी तिन्ही घरांत सौभाग्याचाच. त्यात इथल्या मोत्यांची व खड्यांच्या हारांची भर पडते. रीतीचा हा भेद हिशेबाला फार महत्त्वाचा आहे. कारण बोरमाळेचे मणी पोकळ असून त्यांत लाख भरलेली असते, आणि लच्छ्यात पोत व मोती असतात. अशा दागिन्याचे एकूण वजन म्हणजे सोन्याचे वजन नव्हे.

कस आणि तोळा

शुद्ध सोने २४ कॅरटचे. ते मऊ असते, म्हणून दागिन्यासाठी त्यात तांबे, चांदी इत्यादी धातू मिसळतात. २२ कॅरटमध्ये हजार भागांत ९१६ भाग सोने, १८ कॅरटमध्ये ७५० भाग, १४ कॅरटमध्ये ५८५ भाग. पूर्वी सराफ कसोटीवर रेघ ओढून कस सांगे व गिऱ्हाईक विश्वास ठेवी. आता शासनाने त्याला शिक्क्याची जोड दिली आहे. २३ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि पुढे जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून शिक्क्यात तीन खुणा असाव्या लागतात : भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, कसाचा आकडा, आणि त्या दागिन्यापुरता सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ह्या मोबाइलवरील सोयीत हा क्रमांक घातला की दागिन्याची नोंद दिसते. शिक्का बारीक असतो. सराफाकडून भिंग मागून घ्यावे. त्यात संकोच कसला? मात्र कुंदन, पोलकी व जडाव ह्यांना सक्तीच्या आदेशात सूट दिलेली असल्याने तेथे कस पावतीवर लिहून घेणे अधिकच अगत्याचे.

आता तोळ्याविषयी. जुना तोळा बारा माशांचा व मासा आठ गुंजांचा. म्हणजे आजच्या मापाने ११.६६४ ग्रॅम. बाजारात हल्ली दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आजीने 'माझे दहा तोळे' म्हटले तर ते ११६.६४ ग्रॅम असू शकतील. नातवाने त्यांचे १०० ग्रॅम धरल्यास वाटणीत दीड तोळ्याहून अधिक सोने हिशेबातूनच नाहीसे होईल. आमच्याकडे जकातीसाठी वर्षातून एकदा सोने तोलतात. तिचे साडेसात तोळे जुन्या मापाचे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम आहेत, पंचाहत्तर नव्हेत. म्हणून लिहिताना नेहमी ग्रॅमच लिहावे.

पैसे कशाकशाचे

हिशेब समजावा म्हणून २२ कॅरटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये व घडणावळ शेकडा १२ धरू. एका हाराचे एकूण वजन ३० ग्रॅम असून त्यात मोती व खडे ४ ग्रॅम आहेत. सोने २६ ग्रॅम. त्याचे २,६०,००० रुपये. घडणावळ ३१,२००. दोहोंच्या बेरजेवर ३ टक्के कर ८,७३६. एकूण २,९९,९३६ रुपये. खड्यामोत्यांची किंमत निराळी. आता खड्यांचे वजन वजा न करता ३० ग्रॅमचा हिशेब केला तर हीच रक्कम ३,४६,०८० होते. एका ओळीत ४६,१४४ रुपयांचा फरक! म्हणून पावतीवर एकूण वजन, निव्वळ वजन, कस, त्या दिवसाचा भाव, घडणावळ व कर हे सहा आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत.

हाच हार त्याच भावाने दुसऱ्या दिवशी मोडला तर घडणावळ व कर परत मिळत नाहीत. वर घटही धरली जाते. ती रक्कम हौसेची व कारागिराच्या हाताची किंमत समजावी. हौसेत काही वाईट नाही. पण बचत म्हणून सोने घ्यावयाचे असेल तर साधा, कमी घडणावळीचा दागिना बरा.

सोने कोणाचे?

आता मुख्य मुद्दा. शाळेत शुल्क भरण्याच्या दिवसांत किती मातांच्या पाटल्या गहाण पडतात हे आम्ही जवळून पाहिले आहे. दिराचे दुकान, घरातील आजारपण, मुलाचे शिक्षण, सगळ्याला घरातील स्त्रीचे सोने धावून येते. ती आनंदाने देते, ही तिची थोरवी होय. परंतु ते 'घरातले' सोने नव्हे, तिचे आहे, ही जाणीव किती घरांत असते?

कायदा ह्याबाबत स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीजवळील मालमत्ता पूर्णपणे तिची ठरविली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितले की स्त्रीधन पतीच्या हाती असले तरी ते विश्वासाने सोपविलेले असते. ते अडवून ठेवणे हा गुन्हा होय. आमच्या धर्मात मेहर हा वधूचा स्वतःचा हक्क आहे, आणि १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानेही मेहर हुंड्याच्या व्याख्येतून वगळला आहे. घटस्फोट झाल्यास मेहर व लग्नात मिळालेल्या वस्तू स्त्रीला मिळाव्यात, असे १९८६ चा कायदा सांगतो.

हक्क मात्र कागदावाचून दुबळा. १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावयाची असते : वस्तूचे वर्णन, अदमासे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, आणि खाली वधूवर दोघांच्या सह्या. लग्नात जेवणाच्या पानांचा हिशेब ठेवणारी आपण माणसे. ही एक यादी तेवढी राहून जाते. तिच्यात दागिन्याचे निव्वळ वजन, कस व शिक्क्याचा क्रमांक घालावा, पावती मुलीच्या नावे करावी व एक प्रत तिच्याजवळ ठेवावी. ह्यात सासरच्यांवर अविश्वास नाही. हिशेब लिहिलेला असला की नाती उलट निर्धास्त होतात. तसेच स्त्रीचे सोने गहाण टाकावयाचे झाल्यास तिला विचारून टाकावे, रक्कम व तारीख लिहून ठेवावी, आणि ते सोडवून आणणे हे घराने आपले कर्ज मानावे.

शेवटी एक सूचना. ट्रस्टने ह्या महोत्सवाच्या वर्षात अशा यादीचा एक पानी नमुना मराठी, उर्दू व तेलुगु भाषांत छापून प्रत्येक लग्नघरी पोहोचवावा. खर्च थोडा आहे. आपल्या मुलींच्या अंगावर आपण प्रेमाने घातलेले सोने शेवटपर्यंत त्यांचेच राहावे, एवढे काम तो एक कागद करील.