वस्तरा आणि शस्त्र : युरोपातील न्हावी-शस्त्रवैद्यांची हकीकत

इंग्लंडमधील इस्पितळांत एक गमतीची रीत आजही पाळली जाते. तापावर औषध लिहून देणाऱ्यास तेथे 'डॉक्टर' म्हणतात. पण पोट उघडून आतडे शिवणाऱ्या निष्णात सर्जनास 'मिस्टर' म्हणतात. वैद्यकाची पदवी मिळाल्यावर तोही काही वर्षे 'डॉक्टर' असतोच. पुढे शस्त्रक्रियेची वरची परीक्षा उत्तीर्ण झाला, की तो आपण होऊन ती उपाधी खाली ठेवतो आणि 'मिस्टर' म्हणवून घेण्यात भूषण मानतो. या रीतीचा माग काढीत मागे मागे गेले, तर आपण मध्ययुगातील एका न्हाव्याच्या दुकानात जाऊन पोहोचतो. त्या दुकानाची हकीकत या लेखात सांगण्याचा विचार आहे.

राजे, लढाया आणि तहनामे यांचा इतिहास आपण परीक्षेसाठी वाचतोच. पण ज्ञान कोणाच्या हाती होते, ते कोणाला नाकारले गेले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हाही इतिहासाचाच विषय आहे, असे मला वाटते. न्हावी-शस्त्रवैद्यांची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे.

ग्रंथ एकीकडे, हात दुसरीकडे

'सर्जरी' या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे आणि त्याचा अर्थ 'हाताचे काम' असा आहे. या शब्दार्थातच पुढच्या साऱ्या तंट्याचे बीज सापडते.

रोमन साम्राज्य कोसळल्यानंतर पश्चिम युरोपात वैद्यकाचे ग्रंथ मुख्यतः ख्रिस्ती मठांत जपले गेले. पुष्कळ मठवासी स्वतः रोग्यांवर उपचारही करीत. पुढे धर्मपीठाला ही गोष्ट खटकू लागली. इ. स. ११६३ मध्ये टूर येथे भरलेल्या धर्मसभेने मठवासीयांना वैद्यक शिकण्यासाठी मठ सोडून जाण्याची बंदी केली. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने त्याहून स्पष्ट नियम केला. वरच्या श्रेणीच्या धर्मगुरूंनी कापणे आणि डागणे ज्यात येते अशी शस्त्रक्रिया करू नये, असे तिने ठरविले. ज्या हातांनी प्रभूचा प्रसाद वाटायचा, ते हात रक्ताने विटाळू नयेत, आणि रोगी दगावल्यास मनुष्यवधाचा दोष अंगी लागू नये, हा त्यामागचा विचार होता. 'धर्मपीठाला रक्ताचा तिटकारा आहे' असे एक वाक्य टूरच्या सभेच्या नावावर अनेक पुस्तकांत दिलेले असते. त्या सभेच्या ठरावांत मात्र ते सापडत नाही. ते पुष्कळ नंतरचे आहे.

याच सुमारास विद्यापीठे उदयास येत होती. तेथे वैद्यक शिकायचे म्हणजे लॅटिन भाषेतून गेलेन आणि हिपॉक्रटीस वाचायचा, त्यावर वाद करायचा. पॅरिससारख्या ठिकाणी विद्यार्थी बहुतेक धर्मसंस्थेशी बांधलेले. असा विद्वान वैद्य रोग्याची नाडी पाही, काचेच्या भांड्यातील मूत्राचा रंग निरखी आणि उपचार सांगे. सुरीला हात लावणे त्याच्या प्रतिष्ठेस शोभणारे नव्हते. इटलीत ही फारकत इतकी कडक नव्हती. बोलोन्याच्या विद्यापीठात शस्त्रक्रिया शिकविली जात असे. पण आल्प्स पर्वताच्या उत्तरेस ग्रंथ जाणणारा एक आणि हात चालविणारा दुसरा, अशी वाटणी पक्की झाली.

न्हावीच का?

मग हे हाताचे काम न्हाव्याकडेच का गेले? याचे उत्तर मठांतच मिळते. मठवासीयांना डोक्याचा मधला भाग नियमाने भादरावा लागे, म्हणून न्हाव्याचे मठात येणे-जाणे असे. त्यातच वर्षातून काही ठराविक वेळा मठवासीयांची शीर तोडून रक्त काढण्याचाही प्रघात होता. न्हाव्याजवळ धार लावलेली हत्यारे तयार, हात स्थिर आणि माणसाच्या कातडीची ओळख रोजची. तेव्हा शीर तोडण्याचे कामही त्याच्याकडे आले.

त्या काळच्या समजुतीप्रमाणे शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस असत. त्यांचा तोल बिघडला की रोग होतो आणि साठलेले रक्त काढले की तोल सावरतो, अशी श्रद्धा होती. आपल्याकडील त्रिदोषांची आठवण येथे कोणालाही होईल. ताप असो, डोकेदुखी असो, 'रक्त काढा' हा उपाय ठरलेला. निरोगी माणसेही वसंत ऋतूत रक्त काढून घेत. चंद्राची कला पाहून कोणत्या दिवशी कोणती शीर तोडावी, याची कोष्टके असत.

न्हाव्याच्या दुकानात दाढी आणि हजामत होईच. शिवाय दात उपटणे, गळू फोडणे, तुंबड्या लावणे, जळवा लावणे, जखम बांधणे, निखळलेला सांधा बसविणे हीही कामे चालत. गळ्याशी नीट बसावे म्हणून काठाला खाच पाडलेले त्याचे भांडे साबणाच्या पाण्याला चाले, तसेच रक्त झेलायलाही. रोग्याच्या हातात एक काठी घट्ट धरायला देत, म्हणजे शीर फुगून वर येई. पांढऱ्या पट्ट्या आणि रक्ताचा लाल रंग यांवरूनच न्हाव्याच्या दुकानाबाहेरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब आला, असे सांगतात. जाहिरातीचा याहून उघडा प्रकारही लंडनमध्ये होता. न्हावी काढलेले रक्त भांड्यात भरून खिडकीत ठेवीत. अखेर इ. स. १३०७ मध्ये शहराला हुकूम काढावा लागला, की कोणीही न्हाव्याने लोकांच्या नजरेस पडेल असे रक्त खिडकीत ठेवू नये, ते गुपचूप थेम्स नदीत नेऊन टाकावे!

हे सारे वाचून हसू येते. पण दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. विद्वान वैद्य मोजके आणि महाग. खेड्यातल्या किंवा गल्लीतल्या माणसाचा हात मोडला, दाढ ठणकली, भांडणात सुरी लागली, तर तो न्हाव्याकडेच जाई. बधिर करण्याचे औषध नव्हते. ईथरचा उपयोग इ. स. १८४६ पर्यंत यायचा होता. जंतूंची कल्पना नव्हती. अशा स्थितीत जलद चालणारा हात हीच रोग्यावरची खरी दया होती. न्हाव्यांच्या हातून माणसे दगावली हे खरेच; पण ज्या सिद्धान्तापायी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रक्त वाहविले, तो सिद्धान्त त्यांचा नव्हता, ग्रंथ वाचणाऱ्यांचा होता.

आंब्रवाझ पारे

या कथेतील सर्वांत थोर पुरुष म्हणजे आंब्रवाझ पारे. त्याचा जन्म फ्रान्समधील लाव्हाल गावाजवळ इ. स. १५१० च्या सुमारास झाला. न्हाव्याच्या हाताखाली उमेदवारी करून तो पॅरिसला आला आणि 'ओतेल-द्यू' या मोठ्या इस्पितळात सुमारे तीन वर्षे राहिला. पॅरिसमध्ये तेव्हा तीन थर होते. वरती विद्यापीठातील वैद्य, मध्ये संत कोमच्या संघाचे लांब झग्याचे शस्त्रवैद्य आणि तळाशी आखूड झग्याचे न्हावी. पारे तळातला. त्याला लॅटिन येत नव्हते.

इ. स. १५३७ च्या सुमारास तो फ्रेंच सैन्याबरोबर तुरीनच्या मोहिमेवर गेला. बंदुकीच्या जखमा त्याने पूर्वी पाहिल्या नव्हत्या. दारूमुळे अशी जखम विषारी होते, म्हणून तीत उकळते तेल ओतावे, असे व्हिगो या इटालियन पंडिताने लिहून ठेवले होते. पारेने तसेच सुरू केले. एके दिवशी तेल संपले. तेव्हा त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाईन यांचे मलम करून उरलेल्यांच्या जखमांना लावले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. तेल न मिळालेले सैनिक विषाने मेलेले दिसणार, या धास्तीने तो भल्या पहाटे उठून गेला. पाहतो तो मलम लावलेल्यांना वेदना थोडी, सूज नाही आणि त्यांची झोपही बरी झालेली! ज्यांच्या जखमांत तेल ओतले होते ते मात्र तापाने आणि वेदनेने तळमळत होते. पुन्हा कधी असे भाजणार नाही, असा निश्चय त्याने तेथेच केला.

मला या प्रसंगाचे महत्त्व मलमापेक्षा त्या पहाटेच्या पाहणीत वाटते. ग्रंथात एक लिहिले होते आणि बिछान्यावर दुसरे दिसत होते. पारेने बिछान्यावरचे खरे मानले.

इ. स. १५४५ मध्ये त्याने बंदुकीच्या जखमांवर पुस्तक लिहिले, ते फ्रेंच भाषेत. म्हणूनच लॅटिन न जाणणारे त्याचे हजारो व्यवसायबंधू ते वाचू शकले. पुढे पाय किंवा हात कापल्यावर रक्त थांबविण्यासाठी लाल तापलेल्या लोखंडाने डागण्याऐवजी त्याने रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याची पद्धत वापरली. रक्तवाहिनी बांधणे प्राचीनांना ठाऊक होते. अवयव कापताना तिचा आग्रह धरणे हे पारेचे काम. इ. स. १५५४ मध्ये लॅटिन येत नसतानाही संत कोमच्या संघाने त्याला सामावून घेतले. तो फ्रान्सच्या चार राजांचा शस्त्रवैद्य झाला.

विद्वानांना हे रुचले नाही. इ. स. १५७५ मध्ये त्याचे समग्र ग्रंथ फ्रेंचमध्ये निघाले, तेव्हा पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने हरकत घेतली. तिचा माजी प्रमुख एत्येन गुर्मलाँ याने रक्तवाहिन्या बांधण्याच्या पद्धतीवर टीका केली. इ. स. १५८५ मध्ये म्हाताऱ्या पारेने त्याला उत्तर लिहिले. त्यात त्याने आपल्या मोहिमांची हकीकत एकामागून एक सांगितली. ज्याने पुस्तकांवरून शस्त्रक्रिया शिकली, त्याने ज्याने ती रणांगणावर केली त्याला शिकवू नये, असा त्या उत्तराचा रोख आहे.

वरच्या आसनावरून खाली

दुसऱ्या टोकाकडूनही एक माणूस याच ठिकाणी येत होता. विद्यापीठात प्रेताचे विच्छेदन होई, तेव्हा प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलेनचा ग्रंथ वाची आणि खाली न्हावी प्रेत कापी. वाचणारा पाहत नसे आणि कापणाऱ्याला लॅटिन कळत नसे. पदुआचा तरुण प्राध्यापक अँड्रिअस व्हेसेलियस आसनावरून खाली उतरला आणि त्याने सुरी स्वतःच्या हाती घेतली. गेलेनने माणसाच्या खालच्या जबड्याची दोन हाडे सांगितली होती. व्हेसेलियसला एकच दिसले. गेलेनचे पुष्कळसे ज्ञान माकडे व इतर जनावरे कापून आलेले होते. तेराशे वर्षे चालत आलेल्या अशा चुका व्हेसेलियसने इ. स. १५४३ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्या आणि प्रस्तावनेत, वैद्यांनी हाताचे काम न्हाव्यांवर सोपविल्यामुळेच वैद्यकाचा ऱ्हास झाला, अशी तक्रार केली.

इ. स. १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा आंरी खेळातील द्वंद्वात भाल्याची कपच डोळ्याशी घुसून जखमी झाला. त्याच्या बिछान्याशी पारे आणि व्हेसेलियस दोघेही होते. राजा वाचला नाही. पण न्हाव्याचा उमेदवार आणि विद्यापीठाचा प्राध्यापक एका जखमेवर शेजारी उभे राहिले, हे पूर्वी सहज घडणारे नव्हते.

फारकत

इंग्लंडमध्ये इ. स. १५४० मध्ये आठव्या हेन्रीच्या काळी कायद्याने न्हाव्यांचा संघ आणि शस्त्रवैद्यांचा लहानसा संघ एक करण्यात आला. राजाचा शस्त्रवैद्य टॉमस व्हिकरी याचा प्रमुख झाला. या संघाला दरवर्षी फाशी गेलेल्या चार गुन्हेगारांची प्रेते विच्छेदनासाठी मिळू लागली. गंमत अशी, की याच कायद्याने दोन्ही कामे वेगळीही केली. न्हाव्याने दात उपटण्यापलीकडे शस्त्रक्रिया करू नये आणि शस्त्रवैद्याने दाढी करू नये, असे ठरले. एका घरात राहून दोन चुली मांडण्यासारखेच हे होते.

पुढे शस्त्रवैद्यांचे ज्ञान आणि मान वाढत गेला. इ. स. १६८६ मध्ये चौदाव्या लुईचे भगंदर फेलिक्स या शस्त्रवैद्याने यशस्वीपणे कापले, तेव्हापासून फ्रान्समध्ये त्यांचा भाव चढला. इ. स. १७४३ मध्ये तेथे आणि इ. स. १७४५ मध्ये इंग्लंडमध्ये शस्त्रवैद्य न्हाव्यांपासून कायद्याने वेगळे झाले. इ. स. १८०० मध्ये लंडनला शस्त्रवैद्यांचे राजमान्य कॉलेज स्थापन झाले. न्हाव्याकडे वस्तरा आणि तो रंगीत खांब उरला. विद्यापीठाची पदवी नसलेल्या, उमेदवारी करून शिकलेल्या जुन्या शस्त्रवैद्याला 'मिस्टर' म्हणत. एके काळी कमीपणाची असलेली तीच खूण आज अभिमानाची झाली आहे.

पुण्याचा एक धागा

या कथेचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये एक वृत्तांत छापून आला. इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. तो कारागीर विटा पाडणाऱ्या जातीचा होता, असे त्या वृत्तांतात म्हटले आहे. ते वाचून लंडनच्या कार्प्यू या शस्त्रवैद्याने इ. स. १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कावसजीचे नाव राहिले, कार्प्यूचे राहिले. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव मात्र छापले गेले नाही.

नाक जोडण्याची विद्या सुश्रुताच्या ग्रंथात आहे, याचा आपल्याला अभिमान असतो. पण अठराव्या शतकात ती चालविणारा हात पंडिताचा नव्हता, विटा पाडणाऱ्याचा होता. आपल्या खेड्यांतही गळू फोडणे, तुंबड्या लावणे ही कामे न्हाव्यांनी केली; त्यांचे अनुभव कोणी लिहून ठेवले नाहीत. पारे युरोपात एकटाच हुशार न्हावी होता, असे मला वाटत नाही. त्याला आपल्या बोलीत लिहिता आले, छापता आले आणि वाचणारे मिळाले, म्हणून त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर मेले नाही.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी सुरी हाती धरणार नाही. पण ज्यांच्या हातात कसब आहे त्यांच्याजवळ जाऊन, त्यांना बोलते करून, ते आपल्या भाषेत उतरवून ठेवणे आपल्याला जमण्यासारखे आहे. गावातला हाड बसविणारा, सुईण, लोहार यांच्यापाशी आजही असे पुष्कळ काही असेल. त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे नंतर पारखता येईल. पण पारखण्यासाठी आधी ते कागदावर यायला हवे.