सिरोंच्याच्या वालुकाश्मातून निसण्याची निवड

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निर्माण झालेली प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि या खोऱ्यात गोंडवाना गटातील गाळाचे खडक, म्हणजे नद्या-सरोवरांच्या तळाशी साचून कोट्यवधी वर्षांत घट्ट झालेले वाळू, चिखल व चुन्याचे थर, दूरवर उघडे पडलेले आहेत. महाराष्ट्राचा मोठा भाग व्यापणारा काळा बेसाल्ट पाट्या-वरवंट्याला उत्तम ठरला, तरी त्यात वाळूच्या दगडासारखे क्वार्ट्झचे कण नसल्याने पोलादाला धार लावण्यात तो उणा पडतो. म्हणून निसणा, अर्थात धार लावण्याचा दगड, शोधणाऱ्यांचे लक्ष वालुकाश्माच्या या प्रदेशाकडे वळणे स्वाभाविक आहे. तथापि येथे वालुकाश्म विपुल असला तरी त्यातील निसण्याच्या योग्यतेचा भाग अल्प असतो, आणि ज्यांनी दगडाची घडण न पाहता केवळ त्याच्या गुळगुळीतपणावर किंवा कठीणपणावर विसंबून निवड केली, त्यांचे श्रम बहुधा वाया गेल्याचे दिसते.

धार लावण्याचे काम दगडातील क्वार्ट्झचे कण करतात. खनिजांची कठिणता 1 ते 10 अशा क्रमाने मोजणाऱ्या मोह्स श्रेणीत क्वार्ट्झचे स्थान 7 आहे, आणि विळा, कोयता, कुऱ्हाड यांचे पोलाद सामान्यतः त्याहून मऊ असते. परंतु हे कण ज्या द्रव्याने एकमेकांना जखडलेले असतात, त्या बंधावरच दगडाचा गुण ठरतो: बंध दुर्बळ असेल तर कण सुटून दगडावर खाचा पडतात, आणि तो फार पक्का असेल तर झिजलेले कण जागा सोडत नाहीत, नवे कण वर येत नाहीत व दगड काचेसारखा तुळतुळीत होऊन पाते त्यावरून नुसते घसरते. नदीतला देखणा गोटा बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो. लोहाच्या बंधाचा तांबडा वालुकाश्म पुष्कळदा पहिल्या प्रकारात मोडतो. सर्वांत फसवा मात्र याच खोऱ्यातील कोटा नावाच्या थरांतील चुनखडीचा सपाट तुकडा होय, कारण तो हाताला बारीक पोताचा व आयता घडवल्यासारखा वाटतो, पण त्यातील कॅल्साइटची कठिणता अवघी 3 असल्याने पोलादच त्याला ओरखडते. बेल्जियमच्या प्रसिद्ध कोटिक्यूल दगडातही गार्नेटचे अतिसूक्ष्म, एकसारखे कण मऊ द्रव्यात बसलेले असतात. कणांचा सारखेपणा आणि बंधाचा बेताचा पक्केपणा हीच तेथेही कसोटी आहे.

यासाठी जागेवरच काही परीक्षा कराव्यात. दगडावर लिंबाचा रस टाकताच बुडबुडे आले तर त्यात चुना आहे असे समजावे. नखाने घासून कण झडू लागले तर तो टाकून द्यावा. आणि दुसऱ्या दगडाने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर आत तडा असण्याचा संभव धरावा. निर्णायक परीक्षा पोलादाचीच असते. दगड ओला करून जुने पाते त्यावर घासले असता वरचे पाणी करडे-काळपट झाले, तर पोलाद कापले जात आहे हे सिद्ध होते. मात्र दगडाच्या स्वतःच्या रंगाने फसगत होऊ नये म्हणून तो आधी दुसऱ्या दगडावर ओला घासून त्याच्या चोथ्याचा रंग पाहून ठेवावा. कोयत्या-कुऱ्हाडीला भरड दगड चालतो, परंतु सुताराच्या पटाशीला व रंध्याच्या पात्याला शेवटचा हात बारीक दगडाचाच लागतो. या कामी पाथरवटाच्या नजरेला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक मोल द्यावे, कारण जाती-पाटे घडवताना कोणता दगड छिन्नीखाली कसा फुटतो हे तो जाणून असतो.

निवडलेल्या तुकड्याचा पृष्ठभाग थराला समांतर ठेवावा, कारण थरांना आडव्या जाणाऱ्या छेदात भरड व बारीक थर एकाआड एक येऊन धार असमान लागते. तो सपाट करण्यासाठी तीन दगड घेऊन पाणी व वाळू घालून ते आलटून-पालटून एकमेकांवर घासावेत. दोनच घेतल्यास एक खोलगट व दुसरा फुगीर होऊ शकतो. हे सर्व काम ओल्यानेच करावे. क्वार्ट्झची कोरडी धूळ श्वासावाटे फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो, हा इशारा यंत्राने दगड कापणाऱ्यांनी तर कधीही दुर्लक्षू नये.

दगड कोठून उचलावा, याबाबतची चूक अधिक गंभीर ठरते. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार वनात सापडणारे दगड व खनिजे हीदेखील वनोपजच होत, आणि राखीव वनातून ती विनापरवाना काढणे वा नेणे हा कलम 26 खाली गुन्हा आहे. सिरोंचा तालुका अनुसूचित क्षेत्रात येत असून 1996 च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या कायद्याने गौण खनिजांच्या बाबतीत ग्रामसभेच्या शिफारशीला स्थान दिले आहे, त्यामुळे गावाला विचारल्याखेरीज एक तुकडाही नेऊ नये. मालकाच्या संमतीने विहिरीच्या खोदकामातला दगड किंवा घरातले फुटलेले जाते घ्यावे, हे उत्तम. पावसाळ्यात नदीच्या पात्रात उतरू नये.

शेवटचा धोका दगडालाच आहे. वडधम येथील जीवाश्म उद्यानात जतन केलेल्या वृक्षांसारखे अश्मीभूत लाकूड, म्हणजे ज्याच्या पेशींची जागा सिलिकाने घेतली आहे असे प्राचीन लाकूड, कठीण व बारीक पोताचे असल्याने निसण्यासाठी मोह पाडते. कोटा थरांनी तर 1975 साली नामकरण झालेला बारापासॉरस टागोरी हा डायनासोर जगाला दिला, आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. असा तुकडा एकदा घासला गेला की त्यातील नोंद कायमची पुसली जाते, म्हणून वार्षिक वलये, हाडाची जाळी किंवा माशाचे खवले दिसणारा कोणताही दगड जागीच ठेवून ते ठिकाण वन विभागाला कळवावे.