उघडी चूल की सुधारित चूल?

प्रश्न : आम्ही कळमनुरी तालुक्यात राहतो. गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच होते. घरातली मातीची उघडी चूल ठेवावी की सुधारित चूल घ्यावी?

उत्तर : सुधारित चूल घ्या. उघड्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो. भारतीय मानक ब्युरोच्या २०१३ च्या मानकानुसार सुटी सुधारित चूल किमान २५ टक्के, तर पंख्याची चूल किमान ३५ टक्के उष्णता भांड्याला देणारी हवी. म्हणून खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहा.

मात्र जळण वाचले म्हणजे धूर संपला असे नाही. सुटी चूल ओसरीत किंवा अंगणातच पेटवा. घरात रांधायचेच असेल, तर धुराडे असलेली पक्की चूल बांधा. धुराडे छपराच्या वर काढा आणि त्यातली काजळी नियमित झाडा. ते तुंबले की धूर पुन्हा घरात येतो.

तुमच्याकडे तुराट्या, पऱ्हाट्या मुबलक असतात. त्या भरभर जळतात, म्हणून वाळवून, तुकडे करून थोड्या थोड्या घाला. ओले सरपण कोणत्याही चुलीत धूरच करते. भाकरी निखाऱ्यावर शेकायची असेल, तर चुलीच्या तोंडाशी तेवढी जागा आहे ना, हे आधी पाहा.

चुलीच्या धुराने लहान मुलांना न्यूमोनिया आणि रांधणाऱ्या बायकांना दम्यासारखे फुप्फुसाचे जुनाट आजार होतात. म्हणून रोजचा स्वयंपाक शक्य तितका गॅसवरच करा.