मरुभूमीच्या प्रवासाची सिद्धता

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरातून मोटार पूर्वेकडे निघाली, की दोन-तीन तासांत हिरवळ मागे पडते आणि उघडी, करडी मरुभूमी सुरू होते. या मरुभूमीत दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना तीन विस्तीर्ण राखीव प्रदेश लागतात. पहिले जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान, मधला मोहावे राखीव प्रदेश आणि उत्तरेचे डेथ व्हॅली, म्हणजे ‘मृत्युदरी’, राष्ट्रीय उद्यान. तिघांनाही त्यांचे आजचे स्वरूप १९९४ साली एकाच कायद्याने मिळाले. उद्यान म्हटले की कारंजी आणि फुलांचे ताटवे डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र मैलोगणती झाड नाही, सावली नाही नि पाणीही नाही.

नकाशावर ही सारी वाट वीतभरही दिसत नाही. पाच-सहा दिवसांत ती सहज पुरी होते. दरवर्षी लाखो लोक ही उद्याने पाहून सुखरूप घरी जातात. तथापि काही जण परतत नाहीत. जे परतत नाहीत त्यांची चूक पुष्कळदा प्रवासाच्या आरंभीच, किंबहुना घर सोडण्यापूर्वीच घडलेली असते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी या दरीला तिचे नाव मिळाले, तेही अशाच एका चुकीमुळे.

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि दुसऱ्या वर्षी हजारो लोक बैलगाड्या जोडून पश्चिमेकडे निघाले. त्यांतील शंभरांवर गाड्यांच्या एका तांड्याला वाटेत उशीर झाला. हिवाळ्यात सिएरा नेव्हाडा पर्वताचे बर्फ ओलांडणे धोक्याचे, म्हणून त्यांनी दक्षिणेच्या लांबच्या पण परिचित मार्गाने जाण्याचे ठरविले व एक माहितगार वाटाड्या सोबत घेतला. थोडे दिवस जातात न जातात तोच तांड्यात एक हाताने काढलेला नकाशा फिरू लागला. त्यात एक जवळची वाट दाखविली होती. त्या वाटेने गेल्यास कित्येक दिवस वाचतील, असे सांगण्यात आले. ज्याने तो नकाशा काढला त्याने ती भूमी पाहिली होती काय, हे कोणी विचारले नाही. अवघ्या सात गाड्या वाटाड्याबरोबर राहिल्या. उरलेल्या साऱ्या नकाशामागे गेल्या.

पुढे एका खोल घळीने वाट अडविली, तेव्हा बहुतेकांचे डोळे उघडले आणि ते माघारी वळले. जवळची वाट दाखविणारा गृहस्थ स्वतःही नंतर परत फिरला! पण काही कुटुंबे हट्टाने पुढेच गेली. डिसेंबरात ती एका प्रचंड, निर्जल दरीत उतरली. समोर पॅनामिंट पर्वताची भिंत उभी होती. गाड्यांना वर चढण्यास वाट नव्हती, शिधा संपत आला होता आणि बैलांची केवळ हाडे उरली होती. अखेर तांड्यातील दोन तरुणांनी पायी पुढे जाऊन मदत आणावी असे ठरले. एक विल्यम मॅनली, वय वर्षे २९. दुसरा जॉन रॉजर्स. एक बैल मारून त्याचे वाळविलेले मांस त्यांच्या पाठीवर बांधून दिले. बेनेट आणि आर्केन या दोन कुटुंबांतील माणसे व त्यांची चार लहान मुले एका झऱ्यापाशी त्यांची वाट पाहत राहिली.

दोघे डोंगरामागून डोंगर चढले. तहानेने जीभ कोरडी पडली, तोंडातला घास गिळवेना. एके सकाळी रॉजर्सला काचेच्या तावदानाएवढा पातळ बर्फाचा तुकडा सापडला. तो वितळवून प्यायले म्हणून ते वाचले. सुमारे ४०० किलोमीटर चालल्यावर त्यांना एक स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या लोकांची वाडी लागली. तेथे त्यांना धान्य, घोडे व एक एकाक्ष खेचर मिळाले. एका गृहिणीने मुलांसाठी चार संत्री दिली. आता त्यांचा मार्ग मोकळा होता. सुपीक प्रदेशात ते पोहोचले होते. मागे वळण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी करू शकत नव्हते. तरी दोघे त्याच वाटेने परतले. घोड्यांना कडा चढवेना, म्हणून ते सोडून द्यावे लागले. खेचर तेवढे तग धरून राहिले.

दरीत उतरताच त्यांना आपल्याच एका सोबत्याचा मृतदेह दिसला. पुढे गाड्या दिसू लागल्या, पण माणूस एकही दिसेना. मॅनलीने बंदुकीचा बार काढला. क्षणभर सारे निःशब्द. मग एका गाडीखालून एक माणूस हळूच बाहेर आला, त्याने चोहीकडे पाहिले आणि दोन्ही हात वर करून तो ओरडू लागला. त्यांना जाऊन २६ दिवस झाले होते. एवढा वेळ लागेल असे कोणी धरले नव्हते. आणखी काही माणसे धीर सुटून निघून गेली होती. दोन कुटुंबे मात्र तेथेच होती. गाड्या टाकून, मुलांना सदऱ्यांच्या झोळ्यांत घालून, त्या झोळ्या बैलाच्या दोन्ही बाजूंना लटकावून ती निघाली आणि मार्च १८५० मध्ये त्या वाडीवर पोहोचली. पर्वताच्या माथ्यावरून मागे पाहताना त्यांच्यापैकी कोणीतरी ‘मृत्युदरी’ असे म्हणून तिचा निरोप घेतला, असे सांगतात. मॅनलीने पुढे १८९४ साली या प्रवासावर पुस्तक लिहिले.

या कथेला आणखी एक बाजू आहे. ज्या दरीत हा तांडा मरणाच्या दारी पोहोचला, तिच्यात टिंबिशा शोशोनी नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्यांच्या दृष्टीने ती मृत्युदरी नव्हे, घर होते. हिवाळ्यात ते दरीतील झऱ्यांपाशी राहत व मेस्कीट झाडाच्या शेंगा गोळा करून ठेवीत. उन्हाळा आला की उंच डोंगरावर जात. तेथे हवा थंड आणि पाइन वृक्षांच्या बिया खायला मिळत. कोणत्या महिन्यात कोठे राहावे आणि पाणी कोठे आहे, एवढे ज्ञान त्यांच्यापाशी होते. ते कोणत्याही कागदावर काढलेले नव्हते. त्यांची वस्ती आजही या दरीत आहे. २००० साली अमेरिकेने कायदा करून त्यांच्या भूमीचा काही भाग त्यांना परत दिला.

दरी इतकी तापते ती का? पॅसिफिक महासागरावरून येणाऱ्या ढगांना येथवर पोहोचण्यापूर्वी पर्वतांच्या अनेक रांगा ओलांडाव्या लागतात. त्यांचे पाणी वाटेतच गळून जाते. दरीत वर्षाला सरासरी जेमतेम ५ सेंटिमीटर पाऊस पडतो. मुंबईत आषाढातील एका दिवशीही त्याहून अधिक पडून जातो. दरीचा तळ अरुंद असून समुद्रसपाटीखाली ८६ मीटर गेलेला आहे. तापलेली हवा वर जाते, डोंगरांच्या भिंतींनी अडून पुन्हा खाली येते आणि खाली येताना दाबली जाऊन आणखी तापते. १० जुलै १९१३ रोजी येथे ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. जगातील सर्वाधिक तापमान म्हणून हीच नोंद अधिकृत मानली जाते.

तेव्हा या वाटेने जाणाऱ्याने प्रथम पंचांग पाहावे, नकाशा नंतर. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यात सकाळी १० नंतर दरीच्या तळाशी पायी फिरू नये, असे उद्यानाचे अधिकारी बजावतात. हवा अतिशय तापली की ती विरळ होते आणि साहाय्यासाठी येणाऱ्या हेलिकॉप्टरलाही नीट उडता येत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानी येत नाही.

मग पाण्याचा हिशेब. माणशी दररोज किमान ४ लिटर. चार माणसांच्या कुटुंबास पाच दिवसांसाठी ८० लिटर झाले. मोटारीच्या रेडिएटरसाठी लागणारे वेगळेच. हा आकडा ऐकून पुष्कळांना हसू येते. परंतु येथील हवा इतकी कोरडी असते की घाम आला आला तोच उडून जातो. अंगातला सदरा कोरडाच राहतो आणि शरीरातील पाणी किती गेले ते प्रवाशाला कळतही नाही. जोशुआ ट्री उद्यानात तर पाणी फक्त कडेच्या काही ठिकाणी मिळते. आत शिरल्यावर मिळणार नाही. पेट्रोलची गोष्टही तशीच. त्या उद्यानात आणि मोहावेत पेट्रोलचा पंप नाही. म्हणून वेशीवरच्या गावात टाकी भरून घ्यावी, मग ती अर्धी रिकामी असो की पाऊणभर असो.

रस्त्यांची चौकशी निघण्याच्या दिवशीच करावी लागते; महिन्यापूर्वीची बातमी कामाची नाही. ५ ऑगस्ट २०२२ रोजी मृत्युदरीत काही तासांत जवळजवळ वर्षभराचा पाऊस कोसळला आणि सुमारे एक हजार माणसे अडकून पडली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका वादळाने रस्ते असे वाहून नेले, की उद्यान सुमारे दोन महिने बंद ठेवावे लागले. ज्या भूमीत पाण्याअभावी माणसे मरतात तेथे पुराची भीती बाळगावी, हे विचित्र खरे. पण कठीण भूमी पाणी शोषून घेत नाही आणि त्याला अडवायला गवताची काडीही नसते.

मोह पडावा अशी स्थळे येथे पुष्कळ आहेत. त्यांतील एका सपाट, वाळलेल्या तळ्यावर मोठमोठे दगड आपोआप सरकून मागे लांबच लांब रेघा ओढतात. हिवाळ्यात साचलेल्या उथळ पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो. तो ऊन्हाने फुटला म्हणजे हलक्या वाऱ्यानेही त्याचे तुकडे दगडांना ढकलतात. हे कोडे २०१४ साली उलगडले. मात्र तेथे जाण्यास डांबरी रस्ता सोडल्यावर ४० किलोमीटरांहून अधिक खडीची वाट तुडवावी लागते. खडे इतके धारदार, की टायर फुटणे ही नित्याची गोष्ट. ज्याच्यापाशी भक्कम गाडी व जादा चाक नाही, त्याने हे नवल चित्रातच पाहिलेले बरे.

मोबाइलचा येथे फारसा भरवसा नाही. बहुतेक भागात तो मुकाच राहतो. वाट दाखविणारे यंत्रही कधी कधी कित्येक वर्षे ओस पडलेल्या वाटेवर नेऊन सोडते. म्हणून कागदी नकाशा जवळ लागतोच. गाडी बंद पडलीच तर गाडीपाशीच थांबावे. तिची सावली मिळते, पाणी तिच्यातच असते, आणि शोधणाऱ्याला एकट्या माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

पण शोधणारा येण्यासाठी कोणी हरवले आहे हे कोणाला तरी कळले पाहिजे. त्यासाठी निघण्यापूर्वी एक कागद घरी ठेवतात. त्यावर कोणत्या रस्त्याने जाणार, कोणत्या रात्री कोठे मुक्काम, गाडीचा रंग व क्रमांक आणि परतण्याचा दिवस, एवढे लिहिलेले असते. तो दिवस उलटून गेला, की घरच्यांनी उद्यानाच्या रक्षकांना कळवायचे. वाटेत बेत बदलला, तर पुढच्या गावातून घरी निरोप धाडून तो कागदही बदलून घ्यावा लागतो.